सात पंचवीसला सफाळ्याच्या पुढे

प्रश्न : माझा मुलगा दहावीला आहे. समीकरण दिले तर तो ग्राफ पेपरवर रेषा बिनचूक काढतो. पण छापलेली रेषा समोर ठेवून 'हिचे समीकरण लिहा' म्हटले की अडतो. मी बारावीपर्यंत शिकले आहे, तरी मलाही त्याला नीट सांगता आले नाही. भरवशाची एखादी रीत आहे का? आणि तो मला विचारतो तेच मी तुम्हाला विचारते : परीक्षा संपल्यावर हे कुणाला लागते?
– एक वाचक, कोळगाव (जि. पालघर)

उत्तर : ताई, तुमच्या दुसऱ्या प्रश्नापासून सुरुवात करतो. त्याचे उत्तर तुमच्याच भागातून दिवसरात्र धावत असते, आणि ते हाती आले की पहिल्याचे उत्तर निम्मे मिळालेले असते.

पालघर-बोईसरवरून जाणारा लोहमार्ग १८६४ सालचा. तेव्हाच्या बीबी अँड सीआय कंपनीने गुजरातेतून मुंबईपर्यंत रूळ आणले, त्यातलाच हा पट्टा. २०१३ च्या एप्रिलपासून चर्चगेटची लोकल विरारच्या पुढे डहाणू रोडपर्यंत येऊ लागली. विरार ते डहाणू रोड हे अंतर ६४ किलोमीटर. या अंतरात लोकल, लांब पल्ल्याच्या गाड्या आणि मालगाड्या सगळ्यांनी त्याच दोन रुळांवरून जायचे, एक जाण्याचा आणि एक येण्याचा. मग कोण कुठे थांबणार, कोण कुणाच्या पुढे जाणार, हे ठरवायचे कसे? हे ठरते आलेखावर. आडव्या अक्षावर वेळ, उभ्या अक्षावर स्थानके, आणि प्रत्येक गाडी म्हणजे एक तिरकी रेघ. कंट्रोल ऑफिसात बसणारे सेक्शन कंट्रोलर वर्षानुवर्षे असे चार्ट पट्टी-पेन्सिलीने ओढत आले. आता ते संगणकाच्या पडद्यावर उमटतात, पण रेघ तीच आहे. रेल्वेतली माणसे 'या गाडीला पाथ मिळाला नाही' असे म्हणतात. तो पाथ म्हणजे चार्टवर मोकळी सापडलेली तिरकी जागा.

ही कल्पना जुनी आहे. एकोणिसाव्या शतकात फ्रान्समध्ये इब्री नावाच्या अभियंत्याने गाड्यांचे असे चार्ट केले, आणि एतिएन-ज्यूल मारे या शास्त्रज्ञाने आलेखपद्धतीवरच्या आपल्या पुस्तकात पॅरिस-ल्यों मार्गाचा चार्ट छापून तो जगापुढे आणला. त्या एका पानावर दिवसभराच्या सगळ्या गाड्या दिसतात. कोणती वेगाने जाते आणि कोणती रेंगाळते, हे रेघेच्या उभटपणावरूनच कळते.

आता मुलाला ग्राफ पेपर घेऊन बसवा. आकडे मी सोयीसाठी घेतले आहेत, वेळापत्रकातले नाहीत. अंतर मात्र खरे आहे.

आडव्या अक्षावर सकाळी सातनंतरची मिनिटे घ्या, एका चौकोनाला ५ मिनिटे. त्याला क्ष म्हणू. उभ्या अक्षावर विरारपासूनचे किलोमीटर, एका चौकोनाला ४ किलोमीटर. त्याला य म्हणू. एक एक्स्प्रेस सात दहाला विरारमधून न थांबता जाते आणि सात अठ्ठावन्नला डहाणू रोड ओलांडते. तिची रेषा काढली, मग वेळा पुसून टाकल्या, फक्त रेषा उरली. आता हिचे समीकरण हवे.

मुले बहुतेक इथेच गडबडतात. ती लगेच सूत्र आठवू लागतात. त्याला सांगा, सूत्र बाजूला ठेव आणि आधी अक्षांवर काय लिहिले आहे ते वाच. आडवे काय मोजले आहे, उभे काय मोजले आहे, एक चौकोन म्हणजे किती? हे तीन प्रश्न तोंडाने म्हणून घ्यायचे. मी स्वतः शिकवायला बसतो तेव्हा ही उत्तरे आल्याशिवाय पेन्सिल हातात घेऊ देत नाही.

मग रेषेवर असे दोन बिंदू शोधायचे, जिथे रेषा चौकोनांच्या नेमक्या कोपऱ्यातून जाते. कोपऱ्यावरचा बिंदू वाचताना अंदाज करावा लागत नाही. शिवाय दोन्ही बिंदू एकमेकांपासून लांब असावेत. जवळजवळचे घेतले तर वाचण्यातली केसभर चूक भागाकारात फुगते. आपल्या रेषेवर (१०, ०) आणि (४०, ४०) हे बिंदू कोपऱ्यांवर येतात. म्हणजे सात दहाला गाडी विरारला आहे, आणि सात चाळीसला विरारपासून ४० किलोमीटरवर.

आता चढ. पाठ्यपुस्तकाने हा शब्द फार चांगला निवडला आहे, तो पुरता समजून घ्या. बोरघाटात रेल्वेचा चढ ३७ ला १ आहे, म्हणजे ३७ मीटर पुढे गेले की १ मीटर वर. व्हीलचेअरसाठीचा रॅम्प १२ ला १ यापेक्षा उभा नसावा असे सांगितलेले असते. तुमच्या गावातल्या जिल्हा मुख्यालयात कधी जाणे झाले तर रॅम्पपाशी मुलाला थांबवा आणि हे दाखवा. उभा बदल भागिले आडवा बदल, एवढाच चढाचा अर्थ आहे. रस्त्याला आपण एका बाजूने चढ म्हणतो आणि दुसऱ्या बाजूने उतार. गणितात दोन्हींना चढच म्हणतात, उताराला फक्त वजा चिन्ह लागते.

आपल्या दोन बिंदूंमध्ये उभा बदल ४० किलोमीटर आणि आडवा बदल ३० मिनिटे. ४० भागिले ३०, म्हणजे ४/३. पण ४/३ काय? मिनिटाला ४/३ किलोमीटर, म्हणजेच ताशी ८०. चढ हा गाडीचा वेग निघाला. उत्तर लिहिताना हे एकक तोडून टाकले की मुलाच्या हातात नुसता अपूर्णांक उरतो, आणि मग 'हे कशाला शिकायचे' हा प्रश्न त्याला पडणारच.

आता सगळ्यांत जास्त गुण घालवणारी चूक. घाईत मुले चौकोनच मोजतात. (१०, ०) पासून (४०, ४०) पर्यंत उजवीकडे ६ चौकोन आणि वर १० चौकोन, म्हणून चढ १० भागिले ६. हिशेब बरोबर दिसतो, पण या हिशेबाने गाडी ताशी १०० किलोमीटरने पळू लागते. दोन्ही अक्षांचे प्रमाण सारखे असेल तर चौकोन मोजून चालते. इथे आडवा चौकोन ५ चा आणि उभा ४ चा आहे. हीच रेषा वेगळ्या प्रमाणाच्या कागदावर काढली तर डोळ्यांना जास्त उभी किंवा जास्त निजलेली दिसेल, पण गाडीचा वेग तिळभरही बदलणार नाही. डोळ्यांना दिसणारा तिरकेपणा आणि चढ या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे मुलाच्या मनात एकदा ठसू द्या.

चढ मिळाला. उरली सुरुवात, म्हणजे क्ष शून्य असताना य किती. पुस्तकात चढाला एम आणि या सुरुवातीला सी म्हणतात, अकरावीत याला चढ-छेद रूप असे नावही मिळते. साध्या भाषेत समीकरण असे :

य = चढ × क्ष + सुरुवात

रेषा उभ्या अक्षाला जिथे छेदते तिथले वाचन म्हणजे सुरुवात. आपली रेषा मात्र (१०, ०) पासून पुढेच काढलेली आहे, उभ्या अक्षाला ती पोचलेलीच नाही. तुमचा मुलगा इथे अडत असेल असा माझा अंदाज आहे, कारण बहुतेक मुले इथेच अडतात. छेद दिसत नाही म्हणून ती थांबतात. थांबायचे कारण नाही. माहीत असलेला एक बिंदू समीकरणात घालायचा. (१०, ०) घातला तर ० = ४/३ × १० + सुरुवात. म्हणून सुरुवात = −४०/३. समीकरण झाले :

य = ४/३ क्ष − ४०/३

वजा ४०/३, म्हणजे सुमारे वजा १३.३ किलोमीटर. वजा किलोमीटर पाहून मुले बिचकतात आणि खोडरबर उचलतात. खोडू देऊ नका. हे वजा चिन्ह काहीतरी सांगते आहे. आपण विरारपासून उत्तरेला अंतर मोजतो आहोत, तेव्हा वजा १३ म्हणजे विरारच्या १३ किलोमीटर दक्षिणेला. गाडी याच वेगाने येत असेल तर सात वाजता ती नालासोपारा, वसई, नायगाव यांच्याही मागे, वसईच्या खाडीच्या आसपास असणार. कागदावर न काढलेला रेषेचा तुकडा कुठून येतो ते समीकरणाने सांगितले. मला हे अजूनही विलक्षण वाटते. 'याच वेगाने येत असेल तर' ही अट मात्र सोडायची नाही. काढलेल्या रेषेच्या बाहेर जाताना आपण हे गृहीत धरलेले असते.

इथे आणखी एक धोका सांगतो. कधी कधी छापलेल्या आलेखात आडवा अक्ष शून्यापासून सुरू होत नाही, २० पासून किंवा २००० सालापासून सुरू होतो. तिथे डाव्या कडेच्या उभ्या रेघेवर दिसणारे वाचन म्हणजे सुरुवात नव्हे, कारण तिथे क्ष शून्य नाही. अशा वेळीही बिंदू घालून काढण्याचीच रीत वापरावी. ती कधी फसवत नाही.

शेवटी तपासणी. समीकरण काढताना न वापरलेला तिसरा बिंदू रेषेवरून घ्या. (२५, २०) कोपऱ्यावर आहे. ४/३ × २५ म्हणजे १००/३, त्यातून ४०/३ गेले, उरले ६०/३, म्हणजे २०. जुळले. वापरलेल्याच बिंदूने तपासले तर भलत्या चुकाही लपून राहतात, म्हणून तिसरा.

आता त्याच कागदावर लोकल काढू. ती सात वाजता विरारहून निघते आणि थांबे धरून सरासरी ताशी ४८ किलोमीटरने जाते, म्हणजे मिनिटाला ०.८ किलोमीटर. सुरुवात शून्य. तिचे समीकरण य = ०.८ क्ष. लोकल आधी निघाली, एक्स्प्रेस मागून येते आहे, रूळ एकच. एक्स्प्रेस तिला कुठे गाठेल? दोन्ही समीकरणांत य सारखा घाला :

०.८ क्ष = ४/३ क्ष − ४०/३

क्ष = २५, य = २०. सात पंचवीसला, विरारपासून २० किलोमीटरवर, साधारण सफाळे आणि केळवे रोडच्या दरम्यान. कागदावर दोन रेषा तिथेच एकमेकींना छेदतात. तपासायला घेतलेला तिसरा बिंदू तोच होता. रुळांवर हे छेदन होऊ देऊन चालणार नाही. म्हणून लोकलला त्याआधीच्या, लूप लाइन असलेल्या एखाद्या स्थानकात बाजूला घ्यावे लागते, आणि एक्स्प्रेस सुटून पुढे जाईपर्यंत डब्यातली माणसे घड्याळ बघत बसतात. विरार-डहाणू मार्गाचे चौपदरीकरण का हवे, याचे उत्तर या छेदनबिंदूत आहे. एक्स्प्रेसला वेगळा रूळ मिळाला की कागदावर रेषा छेदल्या तरी बिघडत नाही. एकसामयिक समीकरणे दहावीला आहेत, आलेखाने सोडवायची पद्धतही आहे. मुलाने ती पाठ केली असेल. तिचा उपयोग त्याला या उदाहरणात दिसेल.

डहाणूहून विरारकडे येणारी गाडी घेतली तर तिची रेषा वरून खाली येते. सातला ६४ किलोमीटरवर, मग दर मिनिटाला १ किलोमीटर कमी : य = ६४ − क्ष. उतार, म्हणून वजा. गाडी मागे जाते असा याचा अर्थ नाही, विरारपासूनचे तिचे अंतर कमी होते आहे एवढेच.

आणि गाडी बोईसरला थांबली तर? वेळ पुढे सरकते, अंतर तेच राहते. रेषा आडवी, चढ शून्य, समीकरणात क्ष नाहीच, नुसता य = इतके इतके. याच्या उलट, सरळ उभी रेषा असू शकेल का? तिचा अर्थ गाडी एकाच क्षणी विरारला, पालघरला आणि डहाणूला आहे. उभ्या रेषेला चढ का नसतो, याचे पुस्तकातले कारण 'शून्याने भागता येत नाही' असे असते. ते खरे आहे, पण गाडीचे उदाहरण ऐकले की मूल ते विसरत नाही. अशा रेषेचे समीकरण फक्त क्ष = ७ असे काहीतरी असते.

आता तुमच्याच परिसरातली दुसरी जागा. तारापूर औद्योगिक वसाहतीत रसायने आणि औषधे बनवणारे कारखाने आहेत, आणि पालघर-बोईसरकडची किती तरी मुले बीएस्सी करून तिथल्या क्यूसी, म्हणजे गुणवत्ता तपासणीच्या, लॅबमध्ये लागतात. त्यांच्या रोजच्या कामातले एक म्हणजे कॅलिब्रेशनची रेषा. द्रावणात एखादा पदार्थ किती आहे ते थेट दिसत नाही. मग माहीत असलेल्या प्रमाणांची स्टँडर्ड द्रावणे करतात, समजा २, ४, ६, ८, १० पीपीएम (दहा लाख भागांत इतके भाग). प्रत्येक द्रावण किती प्रकाश शोषते ते स्पेक्ट्रोफोटोमीटरवर मोजायचे. विरळ द्रावणात शोषण आणि प्रमाण एकमेकांच्या पटीत वाढतात. लँबर्ट आणि बिअर यांच्या नावाचा नियम तो हाच. बिंदू मांडले की जवळपास सरळ रेषा मिळते.

जवळपास म्हणालो, कारण मोजलेले बिंदू पुस्तकातल्यासारखे रेषेवर बसत नाहीत. एक किंचित वर जातो, एक किंचित खाली. तेव्हा सगळ्यांच्या मधून जाणारी एक रेषा काढतात. ती सर्वांत योग्य कोणती हे ठरवण्याची रीत लेजांद्रने १८०५ साली छापली, तिला लघुतम वर्गांची पद्धत म्हणतात, आणि एक्सेल आज पडद्यामागे तेच करते. हाताने काढत असाल तर एक पथ्य कडक पाळायचे. चढासाठीचे दोन बिंदू काढलेल्या रेषेवरून घ्यायचे, मोजलेल्या वाचनांतून नाही. मोजलेल्या बिंदूंपैकी दोनच उचलले तर बाकीच्या वाचनांची मेहनत फुकट जाते. मुलगा पुढे अकरावी-बारावीला विज्ञान घेणार असेल तर प्रात्यक्षिकात त्याला हे पहिल्या दिवसापासून उपयोगी पडेल.

समजा रेषा (०, ०.०१) आणि (१०, ०.५१) यांतून गेली. चढ ०.०५, सुरुवात ०.०१. य = ०.०५ क्ष + ०.०१. आता कारखान्यातला नमुना मशिनमध्ये ठेवला, वाचन आले ०.३६. समीकरण उलटे वापरायचे : ०.३६ मधून ०.०१ वजा, भागिले ०.०५, उत्तर ७ पीपीएम. ती ०.०१ ची सुरुवातही निरर्थक नाही. पदार्थ मुळीच नसताना मशिन जे दाखवते ते, म्हणजे ब्लँकचे वाचन. आणि वाचन ०.९ आले तर? समीकरणात घालून १७.८ लिहून मोकळे व्हायचे नाही. आपण १० पीपीएमपर्यंतच रेषा पाहिली आहे, पुढे ती वाकतही असेल. नमुना पाणी घालून विरळ करायचा, पुन्हा मोजायचा, आणि आलेल्या उत्तराला तितक्या पटीने गुणायचे. एक्स्प्रेसच्या वेळी 'याच वेगाने येत असेल तर' म्हटले होते, तीच सावधगिरी.

वाकड्या रेषांचे काय, हे मुलगा पुढे विचारेल, म्हणून थोडक्यात. तारापूरच्या अणुवीज केंद्राने १९६९ च्या ऑक्टोबरमध्ये व्यावसायिक वीजनिर्मिती सुरू केली, देशातले ते पहिले. अणुभट्टीत तयार होणाऱ्या आयोडीन-१३१ ची किरणोत्सारिता साधारण ८ दिवसांत निम्मी होते : ८०० ची ४००, मग २००, मग १००. साध्या कागदावर ही रेघ वाकते. पण उभ्या अक्षावर आकड्यांऐवजी त्यांचे लॉगरिथम घेतले, तर दर ८ दिवसांना सारखाच टप्पा खाली येतो आणि रेघ सरळ होते. मग चढ काढा, त्यातून अर्धायुष्य, म्हणजे निम्मे होण्याचा काळ, काढा. सरळ रेषेची ही एक रीत पक्की असली की अशा पुष्कळ वाकड्या रेघा तिच्या आटोक्यात आणता येतात.

मुलाला नुसती उदाहरणे सोडवायला देऊ नका. मोबाइलवर एम-इंडिकेटर हे ॲप उघडून विरारहून डहाणूकडे जाणारी एखादी लोकल त्याला निवडू द्या. वैतरणा, सफाळे, केळवे रोड, पालघर, उमरोळी, बोईसर, वाणगाव अशा प्रत्येक स्थानकाची वेळ आणि विरारपासूनचे अंतर मांडून ग्राफ पेपरवर बिंदू काढायचे, पट्टीने जोडायचे. सगळे तुकडे एका सरळ रेषेत येणार नाहीत, प्रत्येक तुकड्याचा चढ थोडा वेगळा निघेल. कुठल्या दोन स्थानकांमध्ये लोकल सर्वांत जोरात पळते ते त्याला चढ काढून शोधू द्या. मग जमेल तेव्हा त्याच लोकलने पालघरहून डहाणूपर्यंत जा, घड्याळ हातात ठेवा, आणि गाडी फलाटावर किती वेळ थांबते तेही त्याला लिहायला सांगा. वेळापत्रकात स्थानकाची एकच वेळ दिलेली असते. बोईसरच्या थांब्याची ती आखूड आडवी रेघ त्याला स्वतःच काढावी लागेल.